तिकीट काढलंय, रागावू नका

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा विषय काढायला गेले आणि तिन्ही वेळा तुम्ही 'जेवलीस का?' विचारलंत. मग पुढं बोलवेना, म्हणून लिहितेय. हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेतलं दोन वर्षांचं काम मी घेतलंय. तिकीट तुळशीच्या लग्नानंतरचं आहे, म्हणजे दिवाळीला घरीच असेन. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच 'जा' म्हणाला असता आणि दोघंही रात्रभर जागला असता.

पुण्याची नोकरी वाईट नव्हती. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालं की दहाला साताऱ्यात, हे सुख मी सोडतेय ते सहज नाही. पण तिथं मी दुसऱ्यांच्या मालाचे कागद तपासत होते. बाबा, चाळकेवाडीच्या पठारावर रस्त्याकडेला पवनचक्कीचं पातं आडवं पडलं होतं, आठवतं? मी चौथीत असेन. तुम्ही कलिंगड घेताना वाजवता तसं त्याच्यावर टकटक केलंत आणि म्हणालात, 'इथं भरीव वाजतंय बघ, इथं बद्द.' आजही माणसं दोराला लटकून पाती तशीच ठोकून बघतात. ते ठोकणं कमी व्हावं, पात्यानंच आपली दुखापत सांगावी, यासाठीच हे काम आहे.

पातं काचेच्या तंतूंचं आणि इपॉक्सीचं, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेचं असतं, त्यातून वीज जात नाही. त्या इपॉक्सीत कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, वीज वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या नीट मिसळल्या, तर वीज जायला शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पुरतात. आई, मामाच्या गावच्या ओढ्यातले दगड आठव. दोन-चारच असतील तर पलीकडं जाता येत नाही, पुरेसे झाले की एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पोचतो. वीज नळ्यांवरून तशीच जाते. पातं ताणलं की दगड लांब लांब होतात, वाट अवघड होते आणि मीटरवरचा विजेला होणाऱ्या विरोधाचा आकडा चढतो. ताण सोडला की आकडा खाली येतो. पण आत बारीक तडा गेला असेल तर आकडा पहिल्या जागी पुरता परत येत नाही. वितीएवढ्या पट्टीच्या दोन टोकांना चांदीच्या लेपानं तारा चिकटवून मी हे पहिल्यांदा पाहिलं. पट्टीवर साधा ओरखडासुद्धा दिसत नव्हता आणि आकडा वरच अडकून राहिला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

अडचण एकच आहे, आणि मी तिच्यासाठीच चाललेय. ऊन तापलं, ओल धरली तरीही आकडा हलतो. हवेनं हलला की तड्यानं, हे ओळखता आलं पाहिजे.

आई, म्हणूनच तुझ्या मनगटाचं मला सोसलं नाही गं. गच्चीच्या जिन्यात पडलीस आणि 'थंडीनं आखडलंय' म्हणत अकरा दिवस त्याच हातानं भाकऱ्या थापल्यास. एक्स-रेत तडा दिसला तेव्हा मी बाबांवर नको तेवढी ओरडले. बाबा, तुम्हाला तिनं शपथ घातली होती, नंतर कळलं. माझं चुकलं.

माझी काळजी करू नका. खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर चौघींत मिळून आहे. छोटा कुकर, मेतकूट आणि तुझी गोधडी नेतेय. हो, तीच, कोपरा मी दातानं कुरतडलेली. अजूनही ती नाकाशी धरल्याशिवाय मला झोप लागत नाही.

आता नीट ऐका. गच्चीवर वाळवण घालायला कुणीही चढायचं नाही, शेजारच्या वहिनींच्या मुलाला सांगून ठेवलंय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला मिस्त्री सोमवारी येईल, त्याला 'नंतर ये' म्हणून परत पाठवायचं नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळच्या चहाआधी, पेपर वाचून झाल्यावर नाही. आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी मला सांगायचं, उरलेल्या दोन दिवसांच्या चार करायच्या नाहीत. पैशांचा विचार तर अजिबात नको, घरखर्चाचे दर महिन्याच्या एक तारखेला येतील.

मी तुम्हाला सोडून चालले असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करेन. आई, बोलायच्या आधी तू कॅमेऱ्यासमोर उजवी मूठ घट्ट वळून, उघडून दाखवायचीस. हवा कशीही असो.

तुमची,
चिमी