मे महिन्याची थैली ऑक्टोबरातच भरायची

ब्रिस्टल,
१२ ऑक्टोबर

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

घरपोच सेंद्रिय भाजीसाठी तुम्ही पाठवलेली यादी नीट वाचली. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), फुलकोबी, गाजर, मुळा, वालाच्या शेंगा, टमाटर. यादी चांगलीच आहे, पण ती मार्चच्या पुढे जात नाही. डिसेंबरात गिऱ्हाइकाची आठवड्याची थैली भरणं सोपं असतं, तेव्हा नागपूरच्या कॉटन मार्केटातले ठेलेही ओसंडून वाहत असतात. खरी परीक्षा मेअखेरच्या नवतप्यापासून नागपंचमीपर्यंतच्या दहा आठवड्यांत होते. त्या दिवसांत थैलीत काय घालणार, हे आत्ता ठरवलं तरच गिऱ्हाईक पुढच्या पोळ्यापर्यंत टिकेल. म्हणून हे पत्र लांबलं आहे.

इकडे इंग्लंडमध्येही भाजीच्या थैल्या घरोघर देणाऱ्या शेतांना असाच एक काळ येतो. त्याला ‘हंग्री गॅप’ म्हणतात. एप्रिल ते जूनची सुरुवात, म्हणजे बाहेर सगळं हिरवंगार असताना! हिवाळ्यातली कोबी आणि लीक फुलोऱ्यावर येऊन निबर होतात, साठवलेल्या बटाट्याला मोड फुटतात आणि नवी लागवड अजून हाताशी आलेली नसते. आपल्याकडे कारण उलटं आहे. ऊन पाला करपवतं, फुलं गाळतं, आणि मृगात पेरलेली भेंडी-कारली हाती यायला जुलैची अखेर उजाडते. उपाय मात्र दोन्हीकडे एकच: टिकणारा माल आधीच पिकवून ठेवायचा.

साठ घरं धरून हिशेब करा. आठवड्याला घरटी १ किलो कांदा, म्हणजे दहा आठवड्यांत ६०० किलो. घट, मोड आणि सड धरून एप्रिलमध्ये ७५० किलो हातात हवा. तो रब्बीचाच हवा, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. एन-२-४-१ सारख्या टिकाऊ वाणाचं रोप याच महिन्यात टाकायला सांगा, लागवड डिसेंबरात होईल. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, अर्ध्याअधिक माना पडल्या की उपटायचं, पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकू द्यायचं आणि मग मान बोटभर ठेवून कापायची. मान मुळाशी कापली तर तिथूनच सड शिरते. नंतर दहा-बारा दिवस सावलीत पसरायचा. ढीग चार फुटांपेक्षा उंच नको, आणि खालूनही हवा खेळली पाहिजे. घाई करून ओला कांदा कांदाचाळीत भरला की जूनच्या दमट हवेत काळी बुरशी धरते, मग रोज निवडत बसावं लागतं.

कोहळं (लाल भोपळा) आठवड्याला अर्धा किलो धरलं तर ३०० किलो लागेल. देठ ठेवूनच तोडायला सांगा, देठ तुटलेलं आधी वापरा. सुरण एक आड एक आठवडा अर्धा किलो, म्हणजे १५० किलो. त्याची खणणी आता सुरू होईल. जखम झालेला कंद साठवणीला घेऊ नका. ही तीन पिकं, जोडीला लसूण, लिंबं, मे महिन्यात कैरी आणि मिळाली तर चिवळीची पालेभाजी, एवढ्यावर थैलीचा अर्धा भार निघतो. उरलेल्या अर्ध्यासाठी विहिरीला पाणी असलेलं शेत हवं. माल देणाऱ्या पाचही शेतकऱ्यांना एकच प्रश्न विचारा: पंधरा मेला विहिरीत किती हात पाणी असतं? ज्याचं पाणी टिकतं त्याच्याकडे जानेवारीच्या शेवटापासून ढेमसे, दोडके, चवळी लावा, आणि थंडी सरली की भेंडी. थंड जमिनीत भेंडी नीट उगवत नाही, म्हणून तिची घाई नको. टमाटरावर मात्र उन्हाळ्यात विसंबू नका. कडक ऊन आणि तापलेल्या रात्री असल्या की परागकण निकामी होतात आणि फूल गळून जातं. झाड हिरवंगार दिसतं, फळ धरत नाही. सांबारासाठी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधून दर आठवड्याला थोडं थोडं पेरत राहावं, तरी हिवाळ्यासारखी जुडी मिळणार नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.

भेंडी आणि गवार यांच्यामुळे पोचवण्याचे वारही ठरतात. भेंडीचा तोडा दर दुसऱ्या दिवशी लागतो, एक दिवस चुकला की ती निबर झालीच. सगळ्यांना एकाच दिवशी भाजी द्यायची म्हटली तर बाकीच्या तोड्यांचं काय करणार? त्यापेक्षा घरांचे वीस-वीसचे तीन गट करा. मंगळवारी धरमपेठ-रामदासपेठ, गुरुवारी प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर, शनिवारी मनीषनगर. प्रत्येक घराला आठवड्यातून एकदाच भाजी जाईल, पण शेतावर सोमवार, बुधवार, शुक्रवार असा तोडा बसेल. शुक्रवार ते सोमवार एक दिवस जास्त जातो, म्हणून सोमवारची भेंडी टोक मोडून पाहा आणि जी कट्‌कन मोडत नाही ती बाजूला काढा. वीस थैल्या पाच-पाच किलोच्या म्हणजे शंभर किलो झाले. ते दुचाकीचं काम नाही, ई-रिक्षा ठरवा.

आता उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये तोडणी पहाटे, उजाडायच्या आत. पालेभाजीतलं शंभरातलं चार-पाच भाग पाणी गेलं की ती माना टाकते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की भाजीचं श्वसन दुप्पट-तिप्पट होतं. आठ वाजता बांधावर उघडा राहिलेला पालक दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळून सावरत नाही. तोडली की लगेच क्रेटमध्ये, वर ओला बारदाना, आणि गाडीत चढेपर्यंत सावली.

साठवायला महागडी शीतखोली लागणार नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेनं बिनविजेचा विटांचा शीतकक्ष तयार केला आहे, तो नागपूरच्या उन्हाळ्याला अगदी फिट बसतो. विटांच्या पायावर १६५ गुणिले ११५ सेंटिमीटरची दुहेरी भिंत, दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर. फटीत वाळू भरायची आणि सकाळ-संध्याकाळ वाळूला, विटांना पाणी द्यायचं. वरून बांबूच्या चौकटीवर खस किंवा ओलं पोतं. त्यात साधारण शंभर किलो माल राहतो, म्हणजे तुमचा एका दिवसाचा गट. जागा सावलीची पण वाऱ्याची निवडा. घरातल्या कूलरचंच हे तत्त्व आहे, आणि कूलरची खोडही त्यात आहे: आर्द्रा लागून हवा दमट झाली की कक्ष थंड करत नाही, नुसता ओलसर राहतो आणि भाजी सडवतो. पाऊस सुरू झाल्यावर त्याचं पाणी बंद करा. फ्रिज असला तरी वांगी, भेंडी, काकडी, टमाटर त्यात फार गारठ्यात ठेवू नका. दहा अंशांच्या बरंच खाली गेलं की वांग्यावर खड्डे पडतात आणि आतलं बी काळवंडतं. पिकलेलं टमाटर, आंबा, पपई यांच्या क्रेटशेजारी पालेभाजी किंवा काकडी ठेवू नका, त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं ती पिवळी पडते.

पावसाळ्यात सगळंच उलटं करावं लागतं. इथे ओलावा शत्रू. पालेभाजी धुऊन देण्याचा मोह टाळा. मुळाची माती झटका, पसरून वारा लागू द्या, आणि प्लास्टिकऐवजी कोऱ्या कागदात गुंडाळा. छापील शाई भाजीला लागू नये म्हणून वर्तमानपत्र वापरू नका. पंखा लावून तासभर कोरडी केलेली जुडी दोन दिवस जास्त जाते. काटवल (कर्टुली) बाजारात आलं की थैलीत टाका, त्याची वाट पाहणारी घरं भरपूर आहेत.

संत्र्याबद्दल वहिनींनी विचारलं होतं. अंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात निघतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. संत्रं तोडल्यावर पुढे गोड होत नाही, म्हणून झाडावर पिकलेलंच घ्या. सालीच्या रंगावर जाऊ नका, दहा फळं चाखून बाग ठरवा. कात्रीनं देठाचं बटण राखून तोडायचं, ओढून तोडलं तर साल फाटते आणि तिथून सड लागते.

कागदपत्रांचं काम आत्ताच सुरू करा. पाच शेतकरी आहेत, म्हणजे पीजीएस-इंडियाचा (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्र योजना) स्थानिक गट होण्याइतके. राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे, तिथे जाऊन या. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट घरी विकतो तेव्हा प्रमाणपत्राच्या नियमांत त्याला सूट मिळते. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्याला ती सूट गृहीत धरता येत नाही, आणि तुम्ही दुसऱ्याचाच माल विकणार आहात. रूपांतर काळातल्या, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळत असलेल्या शेताचा माल ‘सेंद्रिय’ म्हणून देऊ नका, त्यावर तसं स्पष्ट लिहा. एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमात हंगामी पिकाला पेरणीआधीची दोन वर्षं आणि संत्र्यासारख्या बहुवर्षी झाडाला पहिल्या तोडणीआधीची तीन वर्षं धरतात. शेजारी कपाशी असेल तर फवारा वाऱ्यानं येतो, म्हणून त्या बांधाला ज्वारीचे किंवा शेवरीचे दाट तास लावून घ्या, आणि त्या तासांचा माल थैलीत टाकू नका.

पैशाचं एवढंच: चार आठवड्यांचे आगाऊ घ्या, थैलीचा भाव वर्षभर एकच ठेवा. डिसेंबरात कळमना मंडीतला भाव कोसळला की थैली महाग वाटेल, तेव्हा वजन वाढवा, भाव पाडू नका. शेतकऱ्यालाही ठरलेला दर द्या, नाहीतर जूनमध्ये भाव चढल्यावर तो माल मंडीत नेईल आणि त्यात त्याची चूक नसेल. वजनकाट्याची वैधमापन तपासणी दरवर्षी करून घ्या.

कांद्याचं रोप कुठल्या शेतावर टाकलं आणि पाचही विहिरींच्या पाण्याचं उत्तर काय आलं, एवढं आठवडाभरात कळवा. मग मेचा तक्ता आपण मिळून आखू.

तुमचा,
धाकटा