घुर्ये, त्यांचे शिष्य आणि माझा विषय: आई-बाबांना पत्र

कलिना, मुंबई

ती. आई आणि बाबा यांस,

कृ. सा. न. वि. वि.

समाजशास्त्रात पीएच.डी. करते म्हणजे मी नेमके काय शोधणार आहे आणि आमच्या विभागातली मंडळी काय करतात, असे बाबांनी मागे विचारले होते. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा तो प्रश्न नव्हता आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेणे मला बरे वाटले नाही. या विभागात आधी कोण होऊन गेले आणि त्यांना कशाचे कुतूहल होते, हे तुम्हांला कळले तर माझा विषय मी का निवडला हेही कळेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार म्हणून नावाजलेले. शहराचा आराखडा काढण्याआधी त्या शहरात फिरावे, लोक कसे राहतात ते पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्यानंतर 1924 मध्ये विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला आणि 1959 पर्यंत तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. घुर्ये मालवणचे. संस्कृतात पारंगत असलेले हे गृहस्थ केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांकडे शिकून आले, त्यामुळे धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि गावातला माणूस अशा दोन्हींकडे त्यांची नजर असे. जातिसंस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1932 साली आला, पण त्यांचे कुतूहल तेवढ्यावर थांबले नाही. साधूंचे आखाडे, महादेव कोळी, भरतनाट्यम्‌ची वेशभूषा अशा विषयांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पेशवाई संपल्यावर लगेच केली होती. सव्वाशे वर्षांनंतर त्या गावात काय उरले आणि काय बदलले, हे घुर्यांनी पुन्हा तपासले. बाबा, तुम्ही इतिहासाचे वाचक आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मला मात्र घुर्यांपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांची जास्त ओढ वाटते, कारण एका करड्या स्वभावाच्या गुरूच्या हाताखाली शिकूनही त्यांतला प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांना घुर्यांनी कूर्ग लोकांचा अभ्यास करायला लावले. तिथून ते ऑक्सफर्डला गेले आणि जुन्या ग्रंथांवरून समाज समजत नाही, गावात राहूनच तो समजतो, या मतापर्यंत पोहोचले. त्यांनी 1948 मध्ये कर्नाटकातल्या एका खेड्यात मुक्काम करून टिपणे केली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे 1970 साली लागलेल्या आगीत त्या टिपणांवरून सिद्ध केलेल्या त्यांच्या सगळ्या प्रती जळाल्या, तेव्हा आठवणीच्या बळावर त्यांनी त्या गावाबद्दलचे पुस्तक लिहून 1976 मध्ये प्रसिद्ध केले. नडियादचे अक्षय रमणलाल देसाई हे मार्क्सवादी. त्यांची आणि घुर्यांची मते जुळणे अवघडच होते, तरीही भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी हा विषय घेऊन त्यांनी घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, पुढे ते याच विभागात शिकवू लागले आणि शेतकऱ्यांचे लढे व झोपडपट्टीतले जीवन यांवर त्यांनी भरपूर काम केले. न पटणाऱ्या मताच्या विद्यार्थ्याला घडू देणे ही शिक्षकाची फार मोठी गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते.

घुर्यांचेच आणखी एक विद्यार्थी आय. पी. देसाई यांच्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण त्यांचे म्हणणे आपल्या घराला थेट लागू पडते. एकत्र कुटुंब मोडले की टिकले, हे एका चुलीवर किती माणसे जेवतात एवढ्यावरून ठरवू नये, असे त्यांनी सौराष्ट्रातल्या महुवा शहरातल्या कुटुंबांचा अभ्यास करून मांडले. मालमत्ता कोणाची, पैसा कुठून कुठे जातो, अडचणीला कोण कोणासाठी धावते, हेही त्यांनी पाहिले. आपले दोन्ही काका मुंबईत माथाडी कामगार होते, त्यांची बिऱ्हाडे वेगळी होती आणि शिधापत्रिकाही वेगळ्या होत्या, पण पेरणीचा खर्च, आत्याचे लग्न आणि आजीचे औषधपाणी त्यांनी बाबांच्या बरोबरीने उचलले. जनगणनेच्या तक्त्यात ती तीन कुटुंबे दिसतील, देसाई यांच्या दृष्टीने मात्र ते एकच घर ठरेल.

या मंडळींचे सगळेच मला पटते असे नाही. आदिवासींना मागासलेले हिंदू म्हणण्याची घुर्यांची भूमिका मला मान्य नाही. जातीवर इतके लिहिले गेले, पण जातीचा भार ज्यांनी सोसला त्यांचे स्वतःचे शब्द त्या लिखाणात मला फार कमी सापडतात. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातीवरचा निबंध तर 1916 चा, घुर्यांच्या ग्रंथाच्या सोळा वर्षे आधीचा आहे. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मूळ, असे त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. म्हणून माझ्या टेबलावर मी हे दोन्ही अभ्यासक शेजारी ठेवले आहेत.

आता इरावती कर्वे यांच्याविषयी. आई, महाभारतातल्या व्यक्तींवर लिहिणाऱ्या लेखिका म्हणून तू त्यांना ओळखतेस. त्या घुर्यांच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी माणसांच्या कवट्यांची मोजमापे घेतली आणि युरोपीय वंश श्रेष्ठ मानणाऱ्या आपल्या मार्गदर्शकाचे गृहीतक त्या मोजमापांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. परत आल्यावर 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शिकवले. देशभर फिरून, कुठे मामाच्या मुलीशी लग्न चालते, कुठे एका गावात सोयरिक होत नाही, सासर-माहेरच्या नात्यांना कुठे काय म्हणतात, हे त्यांनी गोळा केले आणि त्यावरचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध केला. आयुष्याच्या अखेरीस, जाई निंबकर यांच्यासह, त्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली.

विभागाच्या ग्रंथालयात ती पाहणी माझ्या हाती आली तेव्हा मी ती तिथेच बसून वाचली. आजोबांच्या पिढीने सोडलेल्या खोऱ्याबद्दल कोणीतरी इतक्या काळजीने विचारपूस केली होती, याचा मला फार आधार वाटला. माझा विषय तिथूनच निघाला आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गावे गेली आणि माणसे रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली, तेव्हा जमिनीचा मोबदला कागदावर आला, पण सोयरिकीचे काय झाले? ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या-घेतल्या, ती गावे शंभर मैल लांब गेल्यावर स्थळे कुठे पाहिली गेली? नव्या गावच्या लोकांनी मुली दिल्या का, आणि दिल्या असतील तर किती वर्षांनी? जुन्या खोऱ्यातली माणसे आजही एकमेकांचीच स्थळे शोधतात असे मला आपल्या वसाहतीत दिसते, परंतु ते दिसणे आणि ते दाखवून देणे यांत फरक आहे, आणि तो भरून काढणे हेच माझे काम आहे.

यासाठी मला तुमची मदत हवी आहे. आपल्या भावकीत तीन पिढ्यांत कोणाची लेक कुठे दिली आणि सून कुठून आणली, हे बाबांपेक्षा आईला जास्त नीट ठाऊक आहे. आई, तू सांगावेस आणि बाबांनी वहीत लिहून काढावे. सालाची खात्री नसेल तर धरणाआधी, भूकंपानंतर, असा अंदाज लिहिला तरी चालेल. शेजारच्या तीन-चार जुन्या घरांतही बाबांनी विचारून ठेवावे, मात्र आधी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: कोणाचेही नाव छापले जाणार नाही, आणि सांगायचे नसेल तर नाही म्हणण्यात काहीही गैर नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन तेव्हा ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडे आपण तिघे मिळून जाऊ.

बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी.

तुमची लेक