कंसातल्या मजकुराचा हिशेब

जेरुसलेम

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचले. मृत समुद्राकाठच्या हिब्रू गुंडाळ्यांचे भाषांतर तुम्ही वाचून ठेवल्याला बरीच वर्षे झाली, मग आता माझ्यासारख्यांना येथे करण्याजोगे काय उरले आहे, असे तुम्ही विचारले आहे. संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना या प्रश्नाचे उत्तर त्रोटक देऊन चालणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुंडाळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आदिअंत असलेला ग्रंथ उभा राहतो. १९४७ साली कुमरानजवळच्या पहिल्या गुहेतून बाहेर आलेली यशया संदेष्ट्याची मोठी गुंडाळी तशी आहेही: सात मीटरहून अधिक लांब, ५४ स्तंभांची आणि जवळजवळ अखंड. ती सापडेपर्यंत हिब्रू बायबलच्या जुन्यात जुन्या मोठ्या पोथ्या इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या होत्या. ही त्यांच्याहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. परंतु अशा भाग्यवान गुंडाळ्या मोजक्याच. १९५२ मध्ये चौथी गुहा सापडली तेव्हा तिच्यातून निघाले ते सुमारे १५,००० तुकडे, आणि ते होते पाचशेहून अधिक हस्तलिखितांचे. कातड्याचे काही तुकडे तळहाताएवढे, काही नखाएवढे. कोणता तुकडा कोणत्या ग्रंथाचा, हे सांगणारी खूण कशावरही नव्हती. तुम्ही वाचलेल्या भाषांतराचा बराच भाग या ढिगातून जुळवून काढलेला आहे.

ही जुळवाजुळव रोलां द व्हो यांच्या नेतृत्वाखाली एका लहानशा आंतरराष्ट्रीय मंडळाने पूर्व जेरुसलेममधल्या पुरातत्त्व संग्रहालयात सुरू केली. तो भाग त्या वेळी जॉर्डनच्या ताब्यात होता आणि त्या मंडळात एकाही ज्यू अभ्यासकाला स्थान नव्हते. लांब टेबलांवर तुकडे मांडायचे, काचेखाली सपाट करायचे, अक्षराचे वळण आणि कातड्याचा रंग पाहून एकाला एक जोडायचे आणि जुळले की सेलोटेप लावायची, अशी पद्धत होती. त्या टेपच्या गोंदाने पुढे कातडे काळवंडले. तो काढण्याचे काम इस्राएलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाच्या संवर्धन विभागाला कित्येक वर्षे पुरले. त्या पिढीला मी दोष देत नाही, कारण त्या काळी ती टेप नवलाईची वस्तू होती. त्याच संग्रहालयाचे छायाचित्रकार नजीब अल्बिना यांनी मात्र इन्फ्रारेड छायाचित्रे काढून ठेवली, हे आमचे थोर नशीब. पुढे तुकड्यांच्या कडा झडल्या आणि काही अक्षरे कायमची गेली. ती आज फक्त अल्बिनांच्या छायाचित्रांत आहेत. त्यामुळे आम्ही १९५० च्या दशकातले छायाचित्र आणि अलीकडे वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात काढलेले छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून वाचतो, आणि कित्येकदा जुन्याचीच साक्ष अधिक विश्वासाची ठरते.

आता एक ओळ कशी वाचली जाते ते सांगते. हेरोद राजाच्या काळच्या हस्ताक्षरात वाव आणि योद ही हिब्रू अक्षरे जवळपास सारखी दिसतात, आणि फाटक्या कडेवर दालेत आणि रेश यांतला फरक एका कोपऱ्यावर अवलंबून असतो. म्हणून ऑक्सफर्डहून १९५५ पासून निघत आलेल्या अधिकृत आवृत्तीच्या खंडांत अक्षर भग्न असले तरी बहुतेक निश्चित असेल तर त्याच्यावर टिंब, संशयित असेल तर बारीक वर्तुळ, आणि जे मुळात उरलेच नाही व संपादकाने भरले ते चौकटी कंसात, असा संकेत आहे. तुम्हाला लगेच भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती आठवेल: तिचे संपादक सुकथनकर यांनी संहितेत जेथे पाठ संशयित तेथे खाली नागमोडी रेघ दिली होती. प्रामाणिकपणा दोन्हीकडे एकच, पण अडचण नेमकी उलटी. पुण्यात हस्तलिखिते इतकी होती की १,२५९ प्रतींचा उपयोग करून पाठ निवडावा लागला. येथे बहुतेक ग्रंथांची एखादीच फाटकी प्रत हाती आहे आणि पाठभेद कशाशी ताडून पाहावेत हाच प्रश्न आहे. म्हणून संपादकाला कातड्याचीच साक्ष काढावी लागते. गुंडाळलेल्या स्थितीत एका ठिकाणी किडीने खाल्ले की तेच भोक प्रत्येक वेढ्यात उमटते, आणि आतल्या वेढ्यांकडे जावे तसे त्या भोकांमधले अंतर कमी होत जाते. त्या अंतरांवरून हार्टमुट श्टेगेमान यांनी सुटे तुकडे मूळ गुंडाळीत कुठे होते ते ठरवण्याची रीत बसवली. २०२० मध्ये तर काही तुकड्यांच्या कातड्यातले डीएनए तपासले गेले, तेव्हा यिर्मयाच्या ग्रंथाचे मानलेले काही तुकडे मेंढीच्या आणि काही गाईच्या कातड्यावरचे निघाले. अर्थात ते एकाच गुंडाळीचे असणे शक्य नव्हते.

इतक्या खटाटोपाने तयार झालेला पाठ भाषांतरात उतरला की त्याच्यावरची टिंबे आणि वर्तुळे गळून पडतात, आणि पुष्कळदा कंसही. माझी तक्रार येथे आहे. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे उदाहरण घ्या. अकराव्या अध्यायात अम्मोनी राजा नाहाश याबेश-गिलादला वेढा घालतो आणि प्रत्येकाचा उजवा डोळा फोडण्याची अट घालतो. ही विक्षिप्त अट आली कोठून, याचा परंपरेने चालत आलेल्या हिब्रू पाठात काहीच खुलासा नाही. चौथ्या गुहेतल्या एका प्रतीत त्याआधी एक जादा परिच्छेद सापडला: नाहाशाने गाद आणि रऊबेन यांच्या वंशजांचे उजवे डोळे आधीच फोडले होते आणि त्याच्या तावडीतून सुटलेली सात हजार माणसे याबेश-गिलादला आश्रयाला आली होती. पहिल्या शतकातल्या जोसेफस या ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथातही याच्याशी जुळणारा मजकूर आहे, त्यामुळे तो परिच्छेद मूळचाच असावा असे अनेकांना वाटते आणि मलाही तसेच वाटते. १९८९ मध्ये एका मोठ्या इंग्रजी भाषांतरात तो संहितेत घेतलाही गेला. परंतु ज्या प्रतीच्या आधारे तो घेतला, तिची संपूर्ण अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली २००५ मध्ये! भाषांतर आधी आणि मूळ सोळा वर्षांनी मागून, हा क्रम कोणत्याही मुद्रितशोधकाला मानवणारा नाही. त्या परिच्छेदातही फाटक्या जागा आहेत आणि त्या संपादकांनी भरलेल्या आहेत, हे इंग्रजी वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

उशिराबद्दल तुम्ही ऐकले असेलच. चौथ्या गुहेचे तुकडे मोजक्या लोकांच्या स्वाधीन राहिले. त्यांपैकी काही संपादक वारले, आणि काम पूर्ण न करताच त्यांचा वाटा शिष्यांकडे गेला, जणू वतनच. १९९१ मध्ये ही कोंडी फुटली. मंडळाने स्वतःच्या सोयीसाठी सगळ्या शब्दांची सूची कार्डांवर करून ठेवली होती. अमेरिकेत वाखोल्डर आणि अबेग यांनी संगणकाच्या साहाय्याने त्या सूचीवरून मूळ ओळी उलट जुळवून काढल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडची छायाचित्रे सर्वांना खुली केली. इमानुएल टोव्ह मुख्य संपादक झाल्यावर माणसे वाढवली गेली आणि खंड भराभर निघू लागले.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यावर आमच्याकडे अजून वाद होतात. एलिशा किम्रोन यांनी अकरा वर्षे खपून धार्मिक विधींविषयीचे एक प्राचीन पत्र सहा प्रतींच्या तुकड्यांवरून जुळवले होते. तो पाठ ते प्रसिद्ध करण्याआधीच अमेरिकेतल्या एका नियतकालिकाचे संपादक हर्शल शँक्स यांनी परवानगीशिवाय छापला. किम्रोन न्यायालयात गेले, आणि २००० मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने जुळवलेल्या पाठावर त्यांचा स्वामित्वहक्क मान्य केला. श्रमाची चोरी झाली हे मला मान्य आहे. तरीही निकालाचा पाया मला अस्वस्थ करतो, कारण स्वामित्वहक्क मिळतो तो नवनिर्मितीला, आणि संपादकाचा दावा तर प्राचीन लेखकाचेच शब्द परत आणल्याचा असतो. कंसातला मजकूर संपादकाच्या प्रतिभेचा म्हणून संरक्षित असेल, तर भाषांतरात तो दोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून वाचकाच्या हाती देण्याचा अधिकार कोणाला पोचतो? हा प्रश्न मी येथील चर्चेत विचारला तेव्हा ज्येष्ठ मंडळी हसली, पण उत्तर कोणी दिले नाही.

तेव्हा काका, उरलेले काम हे असे आहे: छापलेल्या पाठांतला प्रत्येक कंस पुन्हा छायाचित्रांशी ताडून पाहणे, जागा भरलेल्या शब्दाला पुरते की नाही ते अक्षरांची रुंदी मोजून ठरवणे, आणि भाषांतर त्यानुसार दुरुस्त करणे. कित्येकदा एका ओळीत सगळी सकाळ जाते.

एक विचारायचे आहे. संशयाच्या निरनिराळ्या पायऱ्या पडद्यावर वाचकाला न खुपता कशा दाखवाव्यात यावर आमचे एकमत होत नाही. खिळ्यांच्या जुळणीच्या काळात तुमच्या छापखान्यात अक्षराखाली नागमोडी रेघ कशी बसवत असत, आणि मुद्रितात ती सर्वांत जास्त कोठे चुकत असे, ते आठवून कळवावे. जमल्यास एखाद्या पानाचे छायाचित्रही पाठवावे.

काकूंना नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक पुतणी