सही करायच्या आधी

सोनू,

तू म्हाताऱ्यांच्या केअर होमची अॅडमिनिस्ट्रेटर झालीस हे ऐकून बाबा घरभर नाचले, मला मात्र रात्रभर झोप नाही, २१ वर्षं त्याच लाइनीत काढलीत ना गं.

तू म्हणालीस लॉबीत व्हॅल्यूजचा बोर्ड आहे, आदर, करुणा, पारदर्शकता वगैरे. असू दे, आमच्याकडेपण होता. तू एकदा न सांगता पहाटे ४ ला जा आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे चार्ट बघ. दर २ तासांनी कूस बदलायची असते, आणि ६ वाजायच्या आधीच ६ च्या रकान्यात सही दिसली तर काय ते समज. मग हळूच पांघरूण सरकवून टाच नि माकडहाड बघ, लाल दिसलं तर बोटाने दाबून बघ, दाबूनही फिकट पडत नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालीये.

पण लगेच मावशीवर ओरडू नकोस. मी ओरडले होते, तर तिने शांतपणे हिशोब सांगितला, ताई २० पेशंट, एकाला वळवायला दोघी लागतात, डायपर धरून १० मिनिटं, म्हणजे एका फेरीला २०० मिनिटं, आणि आम्ही दोघीच, १२० मिनिटांत बसवू कसं? त्या ड्युटी लिस्टवर सही माझीच होती. काय बोलणार?

आणि पडण्याचं. एकीने आजोबा पडल्याचं इमानदारीत लिहून दिलं, वरच्यांनी तिलाच मेमो दिला आणि मी गप्प बसले. पुढचे तीन महिने रजिस्टरमध्ये कोणीच पडलं नाही, मीटिंगमध्ये कौतुक झालं, आणि इकडे एका आजींच्या कमरेवर ही एवढी काळीनिळी खूण, कुणालाच काही माहीत नाही! घरच्यांना त्याच दिवशी फोन करून खरं सांगायचं, शिव्या पडल्या तरी.

कोणी म्हणेल बेडच्या रेलिंग लावून टाका, गुंगीची गोळी द्या, रात्र शांत जाते. शांत आपली जाते गं. विसराळू झालेला म्हातारा रेलिंगवरून चढतो नि आणखी उंचावरून पडतो, आणि गुंगीत तर तोल आधीच गेलेला.

बरं, पुढच्या महिन्याची नाइटची लिस्ट केलीस की सही करायच्या आधी मला फोटो पाठव. मी हिशोब करून बघते.

आई