दॉर्दोन्यच्या बागेतून अण्णांना

पेरिग्योजवळ, फ्रान्स
ता. 16 नोव्हेंबर

ती. अण्णा आणि सौ. आई यांस,
धाकटीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो दह्यात कालवून संपवला. अनारसे मात्र सगळे शाबूत. अण्णा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पाऊस असा नाही, पोफळी नाहीत, मग तिथे वर्षभर बागेत करता तरी काय?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. आज सविस्तर लिहिते.

आपल्या आगरात मृगाच्या आत काय उरकायचं आणि नंतर काय, यावर सगळं वर्ष बेतलेलं असतं. इथे मृगाच्या जागी थंडी आहे. ऑक्टोबरअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत कुठल्याही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. दहिवर पानांवरच गोठतं आणि सकाळी टोमॅटो, भोपळ्याचे वेल, तुळस, सगळं काळंठिक्कर पडलेलं दिसतं. कोबीला काही होत नाही. लसणाला तर थंडी लागतेच, ती खाल्ल्याशिवाय गड्ड्यात पाकळ्या धरत नाहीत. म्हणून तो मी आत्ताच लावला. डिसेंबर-जानेवारीत उजाडायलाच साडेआठ वाजतात. मग सफरचंदांची आणि द्राक्षवेलीची छाटणी करायची, अवजारांना धार लावायची, चुलीतली ओकची राख झाडांच्या बुंध्याशी घालायची. अक्रोडाला मात्र हिवाळा सरताना कोयता लावायचा नाही, कापल्या जागेतून पाण्यासारखा रस गळत राहतो.

मार्चमध्ये टोमॅटोची रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीत उगवतात. बटाटे लावायचे ते लिलॅकला फुलं आली की, म्हणजे एप्रिलमध्ये. रोपं बाहेर जमिनीत कधी, हे मात्र तीन संत ठरवतात! मामेर, पांक्रास आणि सेर्वे. 11, 12 आणि 13 मे हे त्यांचे दिवस, आणि इथले लोक त्यांना बर्फाचे संत म्हणतात. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, बाजारात रोपांचे ढीग लागलेले असतात, तरी ज्यांच्या बागेत मी राबते त्या मादाम ढिम्म हलत नाहीत. ऐंशी ओलांडलेली बाई, पण रोज सकाळी ट्रे बाहेर, संध्याकाळी आत, अशी रोपांची ने-आण माझ्याकडून करून घेतात. मला आधी ही अंधश्रद्धा वाटायची. मग एका मेमध्ये आकाश निरभ्र होतं, वारा पडला होता, आणि शेजारच्यांच्या घेवड्याचा एका रात्रीत पाचोळा झाला. एप्रिल 2021 मधली 7 आणि 8 तारखेची रात्र तर अजून कुणी विसरलेलं नाही. देशभरच्या द्राक्षमळ्यांतून आणि फळबागांतून लोकांनी ओळीओळींत मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या, तरी कोवळे कोंब गेले ते गेलेच.

आता तुमच्या आवडीचं. अण्णा, तुमच्या बोर्डो मिश्रणाचं गाव इथून सव्वाशे किलोमीटरवर आहे. मेअखेरीला तुम्ही पिंपात मोरचूद आणि चुना कालवता, कोयत्याचं पातं बुडवून बघता, त्यावर तांबूस चढलं की "चुना घाला रे अजून" म्हणून ओरडता, तो नुस्खा या मुलखातला. इथे शहराला बोर्दो म्हणतात. 1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा रोग (आपले नाशिकवाले डावणी म्हणतात तो) इथल्या द्राक्षांवर पडला आणि मळेच्या मळे उघडे पडायला लागले. त्या वेळी मेदोक भागातले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत असत. रोगासाठी नव्हे, चोरांसाठी! निळा थर बघून येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडायला धजू नये म्हणून. बोर्दोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांनी 1882 मध्ये पाहिलं, की आत मळ्याची पानं झडलीत आणि रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये मिश्रणाची माहिती छापून दिली. म्हणजे द्राक्षचोर नसते तर आपल्या सुपाऱ्या कोळेरोगाने गळाल्या असत्या, असं म्हणायला हरकत नाही. इथल्या टोमॅटो-बटाट्यावरचा करपा आणि पोफळीचा कोळेरोग या दोन्ही बुरशा एकाच वंशातल्या आहेत, हे तुम्हाला सांगायचं होतं.

पण इथे हात आखडूनच फवारतात. तांबं जमिनीत साठून राहतं, धुऊन जात नाही, आणि गांडुळांना सोसत नाही. शेतकऱ्यांना युरोपचा नियम आहे, सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंहून जास्त तांबं घालायचं नाही. घरगुती बागांचं तर आणखी कडक. 1 जानेवारी 2019 पासून रासायनिक कीडनाशकं विकत घेणं, वापरणं आणि घरात ठेवणंसुद्धा बंद. बोर्डोला मुभा आहे, पण आमच्याकडे टोमॅटोवर आधी छप्पर घालतात, पानं कोरडी राहावीत म्हणून, आणि अगदीच वेळ आली तर एखादी फवारणी. अण्णा, रागावू नका, पण आजोबांपासून आपल्या आगरात किती मोरचूद जिरला असेल? एकदा दापोलीला कृषी विद्यापीठात मातीचा नमुना देऊन तांब्याचं प्रमाण बघून घ्या. फवारणी थांबवा असं मी म्हणत नाही, पोफळीला छप्पर कोण घालणार! पण आकडा हातात असलेला बरा.

बाकी किडींना हातच. बटाट्यावर पिवळा, पाठीवर दहा काळ्या रेघांचा भुंगा येतो. हाही अमेरिकेचा, 1922 मध्ये बोर्दोच्या बाजूला शिरला आणि तिथून फ्रान्सभर पसरला. पान उलटं केलं की खाली नारिंगी अंड्यांचा पुंजका चिकटलेला असतो, तो बोटांनी चिरडायचा आणि भुंगे साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचे. खाजखुजलीची आठवण करून देणारी ऑर्ती (इंग्रजीत नेटल) कुंपणाशी उगवते. ती किलोभर कापून दहा लिटर पाण्यात आठ-दहा दिवस कुजवतात आणि दहापट पाणी घालून झाडांना देतात. वास असा, की शेजारी खिडक्या लावून घेतात.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. इथे तण म्हणून काय उपटतात माहीत आहे? चाकवत आणि घोळ! मेपासून वाफ्यावाफ्यांतून चाकवत फोफावतो आणि मादाम तो मुळासकट उपटून खताच्या ढिगावर टाकतात. मी टोपलीभर वेचून घरी आणला, ताक, डाळीचं पीठ, शेंगदाणे घालून पातळ भाजी केली, वर लसणाची फोडणी. दुसऱ्या दिवशी डबाभर मादामना नेऊन दिली. त्यांनी संशयाने चमचाभर चाखली, मग वाडगा संपवला. पण तण ते तणच, या मुद्द्यावर त्या अजून ठाम आहेत. फक्त आता उपटलेला चाकवत ढिगावर न जाता माझ्या सायकलच्या टोपलीत पडतो.

जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे काम संपतच नाही. पाण्याची मात्र इथेही रड आहे. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, पण उन्हाळ्यात ओढ दिली की जिल्ह्याच्या प्रिफेक्टचा हुकूम निघतो. सावधगिरी, इशारा, कडक इशारा आणि संकट, अशा चार पायऱ्या, आणि पायरी चढेल तसं बागेला पाणी घालण्याच्या वेळा आखडत जातात. 2022 मध्ये तर जवळपास सगळा देश अशा कुठल्या ना कुठल्या हुकमाखाली होता. आम्ही पागोळ्यांचं पाणी पिंपांत धरतो, आणि मी वाफ्यांवर पातेरा पसरते. ते तुमच्याकडूनच शिकले, फक्त इथे तो ओकच्या पानांचा.

सप्टेंबरात अंजिरं, ऑक्टोबरात अक्रोड. पेरिगोरचा, म्हणजे आमच्या या भागाचाच, अक्रोड नावाजलेला, 2002 पासून त्याला उगमप्रदेशाच्या नावाचा संरक्षित दर्जा आहे. झाडावरून पाडायचे नाहीत, पडलेले रोज वेचायचे, ओल्या गवतात राहिले की आत काळे पडतात. हिरवी साल काढताना बोटांना जो काळपट तपकिरी रंग चढतो तो साबणाने, लिंबाने, कशानेही जात नाही. हे लिहिते आहे तेव्हाही नखांच्या कडा काळ्याच आहेत, बँकेत पैसे भरताना बाई माझ्या हातांकडेच बघत होती. धुऊन, लाकडी जाळ्यांवर पसरून, रोज हलवून वाळवायचे. मग हिवाळ्याच्या संध्याकाळी छोट्या लाकडी हातोडीने फोडायचे. अख्खा गर सुटला तर खायला, तुकडे घाण्यावर. दोन किलो गराला साधारण लिटरभर तेल पडतं. ते तेल तळणीला चालत नाही, कच्चंच सॅलडवर घालतात. मला मेतकूटभातावरही आवडतं, पण हे मादामना सांगितलेलं नाही.

1 नोव्हेंबरला इथे मेलेल्यांचं स्मरण करतात आणि थडग्याथडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. बाजारात नुसती शेवंती. मी आपली दसऱ्याच्या तोरणाच्या आठवणीने एक पिवळी कुंडी दाराशी ठेवली होती, तर टपालवाल्याने हलक्या आवाजात विचारलं, घरात कुणी गेलं का!

आता 25 तारखेला सेंट कॅथरीनचा दिवस. त्या सुमाराला लावलेलं कुठलंही झाड जगतं, असं इथे मानतात. जमीन अजून उबदार असते, झाड झोपलेलं असतं, आणि मुळांना वसंतापर्यंत सवड मिळते. यंदा दोन सफरचंदं आणि एक आलुबुखार लावायचा आहे. रोपं मातीशिवाय, उघड्या मुळांची येतात. चिकणमाती, शेण आणि पाणी यांचा दाट काला करून मुळं त्यात बुचकळून मगच खड्ड्यात ठेवायची. शेण शेजारच्या गोठ्यातून आणायचं काम माझ्याकडे आलं आहे, गावची म्हणून बहुधा.

आई, मेथीचं आणि अळूचं काही टपालाने पाठवू नकोस. डिसेंबर 2019 पासून बियाणं किंवा रोप युरोपात आणायला सरकारी आरोग्य-दाखला लागतो, नाहीतर पार्सल जप्त. मेथी मी इथल्या वाणसामानाच्या पुडीतली पेरते, छान उगवते. अळू थंडीत तगणार नाही. नारळाला मात्र दाखला लागत नाही, पण टपालखर्च पाहता नारळ तुम्हीच खा.

अण्णा, यंदा दुसरी फवारणी पावसाच्या उघडिपीत मिळाली का, आणि सुपारी किती गळली, ते कळवा. तात्यांच्या गुडघ्याचंही कळवा. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी