ॲशच्या फळ्या आणि बाबांचा खिळा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईने तुम्हाला माझा चेनसॉने, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीने, ओंडका चिरतानाचा तो व्हिडिओ दाखवला, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या रविवारी फोनवर आई गप्पच होती आणि बाबा, तुम्ही "ते मशीन परत देऊन टाक" एवढंच म्हणालात. मला तेव्हा काहीच नीट सांगता आलं नाही. आईचा आवाज कापरा झाला की माझेही शब्द पळतात. म्हणून हे पत्र. फोटो वेगळ्या पाकिटात घातलेत, ते पत्र वाचून झाल्यावर बघा.

आधी वाईट बातमी. आई, मागच्या अंगणातलं ॲशचं झाड गेलं. २०१५ च्या उन्हाळ्यात तू ज्याच्या सावलीत बसून नातवाला वरणभात भरवायचीस, तेच. आजारी आहे हे मला दोन वर्षं माहीत होतं, पण तुला सांगायला धीर झाला नाही. तू दर फोनला त्याच्याविषयी विचारायचीस आणि मी "आहे छान" म्हणायचे. ते खोटं होतं, माफ कर.

त्याला एक भुंगेरा लागला. दिसायला सुंदर, हिरवा, चकाकणारा, जेमतेम अर्धा इंच लांब. मूळचा पूर्व आशियातला. अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यात पहिल्यांदा ओळखला गेला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. आमच्या मिनेसोटात २००९ साली सेंट पॉलमध्ये सापडला. त्याची अळी सालीच्या आत राहते आणि नागमोडी वाटा कोरत सालीखालचा मऊ थर खाते. झाडाचं अन्नपाणी ज्या थरातून जातं, तोच थर. आधी शेंड्याची पानं विरळ होतात, मग सुतारपक्षी साल सोलायला लागतात, आणि तीन-चार वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. इथे गल्लीच्या गल्ल्या ॲशच्या आहेत, कारण १९७० च्या दशकात एका रोगाने एल्मची झाडं मेली आणि त्यांच्या जागी लोकांनी जिकडे तिकडे ॲश लावले. आता तेही चाललेत. इथले मूळ रहिवासी, ओजिब्वे लोक, काळ्या ॲशचा ओंडका ठोकून ठोकून त्याची वर्षागणिक वलयं पट्टीसारखी सुटी करतात आणि त्यांच्या टोपल्या विणतात. हा किडा त्यांच्या हातची ती कलासुद्धा नेतोय. त्याचा मला फार राग येतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. झाड मी पाडलं नाही. मेलेला ॲश फार ठिसूळ होतो, वरच्या फांद्या कधी कडकन तुटून खाली येतील याचा नेम नसतो. ते काम दोर-कप्प्या घेऊन येणाऱ्या जाणत्या माणसांनी मार्चमध्ये केलं. थंडी असतानाच केलं, कारण भुंगेरे मे अखेरीनंतर बाहेर पडतात. त्यांनी सगळ्याचा भुगा करून नेतो म्हटलं. सेंट पॉलमध्ये असं शहरातलं लाकूड जाळून वीज करतात आणि इमारती गरम ठेवतात, तेव्हा वाया गेलं असतं असं नाही. पण मला ते बघवेना. मी त्यांना म्हटलं, फांद्या न्या, बुंध्याचा आठ फुटांचा ओंडका मात्र इथेच राहू दे.

आणि मग त्या ओंडक्याकडे बघत मी तीन आठवडे बसले. वीस इंच जाडीचा, हलवायचा कसा? फिरती पट्टाकरवत घेऊन घरी येणारा एक जण आहे, पण त्याची गाडी आमच्या फाटकातून आत येईना, आणि अंगणातली झाडं तो घेतच नाही, त्यांत खिळे असतात म्हणून. (त्याचं बरोबर होतं, ते पुढे येईल.) तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, चेनसॉने काप, मी शिकवतो. त्यांनी उभा जन्म लाकडात काढलाय.

तुम्हाला व्हिडिओत जी लोखंडी चौकट दिसली, ती चेनसॉच्या पात्याला दोन्ही टोकांना आवळून बसवतात. पातं आडवं राहतं आणि चौकट ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकते. चौकट आणि पातं यांच्यात जेवढं अंतर ठेवू, तेवढी फळी जाड. पहिल्या कापाला ओंडक्याची पाठ गोल असते, म्हणून वर एक सरळ शिडी स्क्रूने बसवायची आणि तिच्यावरून चौकट न्यायची. शिवाय साधी साखळी चालत नाही. लाकूड लांबीच्या दिशेने उभं चिरायच्या साखळीचे दात वेगळ्या कोनात घासलेले असतात, साध्या साखळीचे तीस अंशांच्या आसपास, हिचे दहा.

आई, तुझ्या भीतीचं उत्तर मी सगळ्यात आधी शोधलं होतं. चेनसॉ उसळतो तो बहुतेक वेळा पात्याचं नाक कशाला तरी लागलं की. इथे नाक चौकटीत पकडलेलं असतं, त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी होतो. संपत नाही. म्हणून मांड्यांवर मी जे जाड आवरण बांधते, त्याच्या आत लांब धागे असतात. साखळी त्याला लागली तर धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. डोक्यावर टोप, डोळ्यांवर जाळी, कानांवर झाकणं, पायांत लोखंडी टोकाचे बूट. एकटी असताना यंत्र चालू करत नाही. जावई अंगणाच्या कडेला उभे असतात आणि तुमचा नातू त्या वेळी घराच्या आत. दमले की त्या दिवसाचं काम बंद. अजून एक फळी, एवढी एकच, असं मनात आलं की समजायचं आपण दमलोय. हे आजोबांनी शिकवलं आणि मी ते पाळते.

पहिला काप वाईट झाला. शिडी दोन्ही टोकांना एका पातळीत आहे का, हे मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला किंचित पीळ होता, तो पीळ ओंडक्यात उतरला आणि पहिली फळी एका टोकाला इंचभर, तर दुसऱ्या टोकाला दीड इंच. मी जोर लावून ढकलत होते. पात्यातून धूर यायला लागला तेव्हा आजोबांनी हात वर करून थांबवलं. खाली पडलेला भुसा चिमटीत धरून दाखवला, मैद्यासारखा झाला होता. म्हणाले, साखळी बोथट झालीये, तू तिचं काम तुझ्या खांद्यांनी करतेयस. मग कानस घेऊन एकेक दात घासायला बसवलं. प्रत्येकाला तीन हात, सारखा दाब, सारखा कोन. बाबा, तुम्ही विळीला आणि कोयतीला धार लावताना मी समोर बसायचे ना, तो आवाज आठवला. तेव्हापासून इंधनाची टाकी भरताना दर वेळी दातही घासते.

दुसऱ्या दिवशी ओंडक्याचं एक टोक ठोकळ्यांवर उचललं. उतार मिळाला की चौकट स्वतःच्या वजनाने सरकते, माणसाने फक्त धरायचं. पात्यामागे कापात लाकडी पाचरी ठोकत जायचं, नाहीतर वरची फळी दबून पातं अडकतं. आठ फुटांचा एक काप जवळजवळ पाव तास चालतो. मध्ये थांबलं तर तिथे लाकडावर लाट उठते, म्हणून श्वास सांभाळत जायचं. साखळी एका कापात जवळजवळ तीन आठमांश इंच लाकडाचा भुसा करते. हे मला फार लागतं, इतकं लाकूड नुसतं भुशात. पण फाटकातून दुसरं काही आत येत नव्हतं.

आणि वरची फळी पहिल्यांदा उलटली, तेव्हा! मी कितीतरी वेळ तिच्यासमोर उभी राहिले. दुधाच्या सायीसारखा रंग आणि त्यावर लांबलचक, डोंगराच्या नकाशासारख्या रेषा. किड्याची नक्षी फक्त सालीच्या आतल्या अंगाला, लाकडात जेमतेम नखभर. आत सगळं धडधाकट होतं. हे झाड जाई-जुईच्या कुळातलं आहे, हे मी अलीकडेच वाचलं, आई. तुला आवडेल म्हणून लिहिलं.

तिसऱ्या फळीला साखळी खाडकन वाजली, ठिणग्या उडाल्या. मी लगेच बंद केलं. अर्ध्याहून जास्त दात गेले होते. कडेच्या लाकडात काळपट डाग होता आणि मधोमध चार इंची खिळ्याची कापलेली चकती चमकत होती. बाबा, तो तुमचा खिळा. आईला साड्या इथल्या ड्रायरमध्ये घालायच्या नव्हत्या, म्हणून तुम्ही ॲश ते कुंपण अशी दोरी बांधली होती, आठवतं? खिळ्याचं डोकं थोडं बाहेर ठेवलं होतंत. तुम्ही गेल्यावर दोरी मी काढली, खिळा विसरले आणि झाडाने तो गिळला. मी भिंग घेऊन वरची वलयं मोजली. आठ. २०१६ ते २०२३. पहिली पाच तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढी रुंद, आनंदाने वाढलेली. मग एकदम बारीक, शेवटची तीन तर जेमतेम दिसतात. तिथून किड्याने त्याचं अन्न तोडलं. झाड आजारी आहे हे माझ्या लक्षात यायच्या आधीच लाकडात ते नोंदलं गेलं होतं. मी अंगणात बसून रडले, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबा, आता जे सांगायचं ते सांगते. मी नऊ वर्षांची असताना आपला परसातला फणस कापायला दोन माणसं ओढकरवत घेऊन आली होती. एक ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात. काकांचा दादा सूत धरायला होता, काव लावलेली दोरी ओंडक्यावर ताणून टण्णकन सोडायचा आणि लाल रेघ उमटायची. मलाही ती दोरी धरायची होती. तुम्ही म्हणालात, मुलींनी इथे थांबायचं नाही, घरात जा. तुम्ही भीतीने म्हणालात, हे आता मी आई झाल्यावर कळतं. पण मी माजघराच्या खिडकीतून संध्याकाळपर्यंत बघत होते, आणि ती लाल रेघ माझ्या मनातून कधी गेली नाही. परवा शिडी बसवायच्या आधी मी ओंडक्यावर सूत मारलं. इथे निळ्या खडूच्या भुकटीची दोरी मिळते. एक टोक नातवाच्या हातात दिलं होतं, यंत्र गॅरेजमध्ये बंद असताना. त्यामुळे परत देऊन टाक म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर मला ते मोडणं जड जाईल, आणि पाळणं त्याहून जड.

एकूण पाच फळ्या एक इंची आणि दोन फळ्या दोन इंची निघाल्या. अगदी मधली, गाभ्याची, फुटणार हे नक्की. सगळ्यांच्या टोकांना मेण लावलंय, नाहीतर टोकं आधी सुकून चिरतात. गॅरेजच्या मागे छपराखाली एकीवर एक, मध्ये दीड-दीड फुटावर एकसारख्या पट्ट्या, वर दगडांचं ओझं. वारा मधून फिरला पाहिजे. साधारण इंचाला एक वर्ष असं धरतात. म्हणजे दोन इंची फळ्या २०२६ च्या उन्हाळ्याला तयार.

त्या दोन जोडून मला झोपाळा करायचाय, मागच्या व्हरांड्यात, आपल्या पडवीतल्यासारखा. २०२६ च्या जूनमध्ये तुम्ही दोघं या. आईच्या गुडघ्यांचं मी आतापासून बघते, विमानतळावर चाकाची खुर्ची सांगता येते.

बाबा, तोवर एक काम करा. पडवीतल्या झोपाळ्याची मापं हवीत: जमिनीपासून उंची, फळीची लांबी-रुंदी, आणि कड्यांची भोकं कडेपासून किती आत आहेत ते. माळ्यावरच्या जुन्या पितळी कड्या अजून आहेत का, तेही पाहा. माळ्यावर तुम्ही चढू नका, गड्याला चढवा. आणि आई, मापं बाबांनी फोनवर सांगू नयेत, तू सांग. मला तुझा आवाज ऐकायचाय.

तुमची,
बाय