शनिवारी येण्याआधी चित्रं बघून या

सभासदहो,

येत्या शनिवारचा विषय ठरल्याप्रमाणेच: चित्र-चित्रपटांच्या संग्रहांतून दिसणारं स्थलांतर. मागच्या वेळी निम्मी मंडळी काहीच न बघता आली होती, म्हणून ही आठवण.

अमेरिकी चित्रकार जेकब लॉरेन्स यांची स्थलांतरावरची चित्रमालिका (१९४०-४१) एकदा तरी नजरेखालून घाला. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांची ही ६० चित्रं. विषम क्रमांकांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या कलासंग्रहालयात, सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात. घर सोडलेल्यांची गोष्ट, तीही दोन घरांत वाटलेली! पहिल्या चित्रात स्टेशनवरची गर्दी आणि तीन दारं: शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस. शेवटच्या चित्रातही माणसं फलाटावरच. चित्रांखालच्या ओळी वगळू नका, अर्धी गोष्ट तिथेच आहे.

घरचे जुने फोटो दाखवायचे असतील तर मूळ प्रत आणू नका, मोबाईलवर टिपून आणा. आणि हो, फोटोमागे कोण, कुठे, कधी हे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. पेनाची शाई पुढे उमटू शकते. जुन्या रिळाला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते प्रोजेक्टरवर चढवू नका, आधी विचारा.

येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.